गिगाबिट लाइन १०० वरच अडकली? आधी चार तारा तपासा
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यात लॅन केबलची (नेटवर्कची तार) लिंक चालू दिसते, पण स्पीड गिगाबिट (१००० एमबीपीएस) ऐवजी १०० एमबीपीएसच. प्लगच्या आठ पिनांपैकी १०० ला पिन १, २, ३, ६ पुरतात. गिगाबिटला आठही लागतात. म्हणून संशय ४-५ (निळी जोडी) आणि ७-८ (तपकिरी) वर.

१. चांगली पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेली छोटी केबल) लावून बघा, मग स्विचचा (सगळ्या केबल जोडतात तो डबा) पोर्ट बदला. पोर्टात कापसाची तूस साचते. स्विच बंद करून ब्लोअर मारा.
२. तरीही १००? केबल टेस्टरवर कुठल्या तारेचा दिवा पेटत नाही ते बघा. प्लग कापून नवा क्रिंप करा (दाबून बसवा); जोड्यांचा पीळ १३ मिमीपेक्षा जास्त उलगडू नका, घाईत इथेच चुकतं.

स्पीड दोन्हीकडे ऑटोच ठेवा. एकाच टोकाला सक्तीने १०० फुल (डेटा दोन्ही दिशांनी एकदम) लावलं की दुसरं हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेने) जातं आणि पॅकेट गळतात.