ट्रेड डेडलाइन वाचताना या चुका टाळा

उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये संघांना आपसांत खेळाडूंची अदलाबदल करण्याची अंतिम मुदत, म्हणजे ट्रेड डेडलाइन, अलीकडे बहुतेक वर्षी मार्चच्या सुरुवातीला, पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार दुपारी ३ वाजता संपते. त्यानंतर अदलाबदलीतून संघात आलेला खेळाडू त्या हंगामात बर्फावर उतरू शकत नसल्याने, ३२ पैकी १६ संघांनाच मिळणारी प्लेऑफ (बाद फेरी) ज्यांना गाठायची असते, त्यांची शेवटच्या काही दिवसांत एकच धांदल उडते. कॅनडातल्या मिसिसागामधल्या आमच्या मराठी मंडळींच्या प्लेऑफ पूलची वही बरीच वर्षे माझ्याकडे आहे. प्रत्येकाने दहा खेळाडू निवडायचे, त्यांच्या गोल आणि असिस्टचे (गोलसाठी दिलेल्या पासचे) गुण मोजायचे आणि शेवटच्या क्रमांकावर राहणाऱ्याने सर्वांना मिसळ खाऊ घालायची, असा आमचा साधा नियम आहे. या वहीत दरवर्षी त्याच त्या चुका उतरताना पाहून मी कंटाळलो आहे. त्यांतली सर्वांत मोठी चूक माझी स्वतःची आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

ज्याने सर्वाधिक खरेदी केली तोच संघ जिंकणार, असे समजू नका. २०२३ साली बॉस्टन ब्रुइन्स संघ आधीच सर्वांच्या पुढे होता. तरीही त्यांनी वॉशिंग्टनकडून दिमित्री ऑर्लोव्ह आणि गार्नेट हॅथवे, तर डेट्रॉईटकडून टायलर बर्टुझी यांना आणले. त्या हंगामात त्यांनी ६५ विजय आणि गुणतक्त्यात १३५ गुण असा लीगचा विक्रम केला. मी माझ्या दहांपैकी पाच खेळाडू त्यांचे घेतले आणि वर इतरांना, "अहो, यात विचार करण्यासारखे काय आहे?" असे शहाणपणही शिकवले. पहिल्याच फेरीत फ्लोरिडाविरुद्ध सात सामन्यांच्या मालिकेत ३–१ अशी आघाडी मिळाल्यावर तर मी वहीतली बेरीजसुद्धा आगाऊ करून ठेवली होती. ३० एप्रिलच्या रात्री सातव्या सामन्यात जेमतेम एक मिनिट उरले असताना ब्रँडन मॉन्टूरने बरोबरी साधली, जादा वेळेत कार्टर व्हरहेगीने गोल केला आणि माझी निम्मी यादी एका क्षणात मेली. शेजारी बसलेल्या वहिनींनी काही न बोलता वही माझ्या हातातून घेतली आणि माझ्या पाच नावांवर एकेक सरळ रेघ मारली.

यातली खरी मेख अशी की, विकत आणलेली माणसे कमी पडली नव्हती. बर्टुझीने सात सामन्यांत १० गुण मिळवले होते. मी फक्त संघाकडे पाहिले, तर वहिनींनी व्हेगासचा इव्हान बार्बाशेव्ह निवडताना तो कोणाबरोबर खेळतो हे पाहिले. सेंट लुईसने झॅक डीन या एका तरुण खेळाडूच्या बदल्यात सोडलेल्या बार्बाशेव्हला व्हेगासने जॅक आयकेलच्या लाइनवर (एकत्र खेळणाऱ्या तीन आघाडीपटूंच्या तुकडीत) बसवले आणि जूनमध्ये स्टॅनली कप, म्हणजे लीगचे विजेतेपदही जिंकले. त्या वर्षीची मिसळ अर्थातच मी केली. तेव्हापासून डेडलाइननंतरचे पहिले पाच सामने मी कोणतेही मत देत नाही. नवा माणूस कोणत्या लाइनवर खेळतो, त्याला किती मिनिटे मिळतात आणि पॉवर प्लेमध्ये, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असताना, त्याला उतरवतात का, एवढेच वहीत लिहून ठेवतो. याला शास्त्र म्हणता येणार नाही, पण तीन मिनिटांत यादी तयार करणाऱ्यांपेक्षा मी आता बरा आहे.

दुसरी चूक पैशांची आहे आणि ती मला विशेष छळते. "अमक्याचा करार ४० लाख डॉलरचा, या संघाकडे जागा फक्त १० लाखांची, म्हणजे हा सौदा अशक्य," असे कोणीतरी दरवर्षी ठामपणे सांगतो. सॅलरी कॅपचा, म्हणजे संघाच्या एकूण पगारांवरच्या मर्यादेचा, हिशेब दर दिवशी होतो. ज्या संघाने हंगामभर १० लाखांची जागा राखली आहे, त्याला हंगामाचा जेमतेम पाचवा हिस्सा उरला असताना साधारण ५० लाखांच्या कराराचा खेळाडू परवडतो, कारण त्याचा पगार उरलेल्या दिवसांपुरताच द्यायचा असतो. शिवाय खेळाडू सोडणारा संघ त्याच्या पगाराचा निम्मा भार स्वतःकडे ठेवू शकतो. २०२१ साली टॅम्पाने डेव्हिड सव्हार्डला आणले तेव्हा कोलंबसने निम्मा भार उचलला, मध्ये डेट्रॉईटला घालून उरलेल्याचाही निम्मा भार त्यांच्यावर टाकला आणि ४२.५ लाखांचा बचावपटू टॅम्पाच्या खात्यावर सुमारे १०.६ लाखांना पडला. पुढे अंतिम मालिकेतल्या निर्णायक सामन्यात झालेल्या एकमेव गोलचा पास याच सव्हार्डने रॉस कोल्टनला दिला. आता २०२५–२६ पासून एकाच खेळाडूच्या पगाराचा भार असा दोनदा वाटताना मध्ये ७५ दिवसांचे अंतर आवश्यक झाले आहे, त्यामुळे ही जुनी युक्ती डेडलाइनच्या दिवशी जमणार नाही. जुन्या आठवणींवर हिशेब मांडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मागच्या हंगामाचे गोल पाहून भुलू नका. टॅनर जीनोने २०२१–२२ मध्ये २४ गोल केले होते, पण पुढच्या हंगामात टॅम्पाने त्याच्यासाठी एक खेळाडू आणि तब्बल पाच ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) मोजले तेव्हा त्याच्या नावावर जेमतेम पाच गोल होते.

दुखापतग्रस्त म्हणून कोणाला यादीतून खोडू नका. ब्रॅड मार्शंड २०२५ मध्ये फ्लोरिडाकडे आला तेव्हा जायबंदीच होता. प्लेऑफमध्ये त्याने १० गोल केले.

डेडलाइनला आयपीएलचा लिलाव समजू नका. येथे बोली लागत नाही, दोन जनरल मॅनेजर फोनवर घासाघीस करतात.

घड्याळात ३ वाजले म्हणजे बातम्या संपल्या, असेही समजू नका. सौदा ३ वाजण्यापूर्वी लीगकडे पोहोचलेला असावा लागतो. त्याची छाननी आणि घोषणा नंतरही चालू राहते. यासाठीच आमच्या पूलची यादी आता प्लेऑफच्या पहिल्या सामन्याच्या एक तास आधी बंद होते. तरीही माझा भाचा डेडलाइनच्या दिवशी ३ वाजून ५ मिनिटांनी दहा नावे पाठवतो आणि वर विचारतो, "मामा, माझी यादी पहिली आली ना?"