माउ माउ लढ्याचं भित्तिप्रदर्शन: सात फलकांत कसं बसवायचं

१९५०च्या दशकात केनियात ब्रिटिश राजवटीविरुद्ध झालेला माउ माउ लढा शाळेच्या व्हरांड्यात किंवा वाचनालयाच्या भिंतीवर मांडायला सात फलक पुरतात. आधी तारीख ठरवा. केनियात २० ऑक्टोबर हा 'माशुजा', म्हणजे वीरांचा दिवस. १९५२ साली याच दिवशी ब्रिटिशांनी आणीबाणी जाहीर केली होती. पण आपल्याकडे तेव्हा दिवाळीची सुटी किंवा परीक्षा आडवी येते. १८ फेब्रुवारी जास्त सोयीचा. १९५७ साली त्या दिवशी लढ्याचे नेते डेडान किमाथी यांना कामिती तुरुंगात फाशी दिली गेली. १९ला शिवजयंती, तेव्हा भिंत आणि माणसं दोन्ही अडकलेली असतात. म्हणून १६ला लावा, १८च्या संध्याकाळी उतरवा.

फलक ए-टू आकाराचा घ्या (४२ × ५९ सेंमी). मजकूर ९० शब्दांच्या आत ठेवा. अक्षर २८ पॉइंट, मथळा ७२. छापण्याआधी एक पान काढून दीड मीटरवरून वाचून बघा. चुन्याच्या भिंतीवर डबल टेप रात्रीतून सुटतो, त्यापेक्षा सुतळी ताणून चिमटे लावा. फलकाचा मध्य मुलांसाठी जमिनीपासून १२० सेंमीवर आला पाहिजे.

लेखनाची गंमत इथेच सांगून टाकू: 'मऊ मऊ' लिहिलंत तर प्रदर्शन उशांचं वाटेल. 'माउ माउ' लिहा. शिवाय लढणारे स्वतःला 'जमीन आणि स्वातंत्र्य सेना' म्हणवत, ते नाव मथळ्यात हवंच.

पहिला फलक जमिनीचा. बहुतेक जण लढ्यात येताना घेतल्या जाणाऱ्या शपथा आणि कोयते यांपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. बघणाऱ्याला कारण न कळता फक्त हिंसा दिसते. गोऱ्यांसाठी राखलेली डोंगराळ सुपीक जमीन, १९१५च्या कायद्याने त्यांना मिळालेले ९९९ वर्षांचे भाडेपट्टे, झोपडीवरचा कर आणि आफ्रिकी पुरुषांना गळ्यात अडकवावा लागणारा 'किपांडे' हा ओळखपरवाना, एवढं इथे आलं की पुढचं आपोआप उलगडतं.

दुसरा आणीबाणीचा, तिसरा जंगलातल्या लढ्याचा. तिसऱ्यावर जंगलात लढलेल्या मुथोनी वा-किरिमा या महिला सेनानीला जागा द्या, नाहीतर सगळी भिंत पुरुषांनीच भरते. चौथा कैद्यांच्या छावण्यांचा आणि काटेरी तारांच्या वसाहतींचा: या वसाहतींत दहा लाखांहून जास्त लोकांना हलवलं गेलं.

पाचवा होला छावणीचा, आणि तो दोन रकान्यांत करा. ३ मार्च १९५९ला तिथे ११ कैदी मारहाणीत मेले. डाव्या रकान्यात सरकारचा पहिला खुलासा, की पाणी प्यायल्यानंतर ते मेले. उजवीकडे चौकशीत निघालेलं मारहाणीचं सत्य. वेगळी टीका लिहायची गरजच उरत नाही.

सहाव्यावर पियो गामा पिंटो. जन्म नैरोबीचा, घराणं गोव्याचं, शिक्षण भारतात. गोव्याच्या मुक्तीसाठीही ते झटले. लढ्याला मदत केल्याबद्दल १९५४ ते १९५९ ते कैदेत आणि नजरबंदीत होते. २४ फेब्रुवारी १९६५ला नैरोबीत त्यांची हत्या झाली, म्हणजे केनियाच्या स्वातंत्र्यानंतर. ही तारीख चुकली तर हत्येचं खापर ब्रिटिशांवर फुटतं.

सातवा २०१३चा. ब्रिटिश सरकारने तेव्हा छळ सोसलेल्या ५,२२८ जणांसाठी १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोड केली आणि संसदेत खेद व्यक्त केला. 'माफी मागितली' असं लिहू नका.

छायाचित्रांबाबत दक्ष राहा. पकडल्यावर आडवे पडलेले, हातकड्या घातलेले किमाथी हा फोटो सगळ्यात सहज सापडतो. तो सरकारनेच पत्रकांवर छापून वाटला होता. वापरलात तर खाली ते लिहा, आणि शेजारी नैरोबीतल्या त्यांच्या पुतळ्याचा फोटो तेवढ्याच आकारात लावा.

मृतांच्या आकड्यांवर वाद आहे. सरकारी मोजणीत मारले गेलेले बंडखोर ११ हजारांहून जास्त आणि गोरे वसाहतकरी नागरिक ३२. सरकारी बाजूच्या आफ्रिकींचे बळीही सुमारे १,८०० होते, ते गाळू नका. प्रत्येक आकड्यापुढे तो कोणाचा, हे दोन शब्दांत लिहा, कुणीतरी विचारतंच.