इटलीच्या युरोपीय खासदारांची पक्षवार यादी कशी करावी

युरोपीय संसदेच्या ७२० जागांपैकी इटलीच्या वाट्याला ७६ येतात. या ७६ जणांची नावे मिळवायला फार तर दहा मिनिटे लागतात. घोळ होतो तो नावापुढे पक्ष लिहिताना. एकाच खासदाराबद्दल 'पक्ष कोणता?' या प्रश्नाची तीन उत्तरे असतात: तो पक्षाने किंवा युतीने मांडलेल्या कोणत्या उमेदवार यादीवरून निवडून आला, इटलीत कोणत्या पक्षात आहे आणि संसदेत कोणत्या गटात बसतो. ही तिन्ही एकच असतील असे नाही. शिवाय पहिले उत्तर पाच वर्षे कायम राहते, उरलेली दोन कधीही बदलतात.

त्यामुळे तक्त्याचे रकाने आधी आखून घ्या. नाव, मतदारसंघ, निवडणूक यादी, राष्ट्रीय पक्ष, संसदीय गट, कधीपासून, कधीपर्यंत, शेरा. कोणी पक्ष किंवा गट बदलला तर जुनी ओळ खोडायची नाही. तिला शेवटची तारीख घालायची आणि खाली नवी ओळ लिहायची. एका खासदाराच्या दोन-तीन ओळी झाल्या तरी बिघडत नाही. पक्षाचा एकच रकाना ठेवून तो 'अद्ययावत' करत राहणे ही सगळ्यात महागात पडणारी सवय आहे, कारण वर्षभराने मागे वळून पाहिले की निवडणुकीचा निकाल आणि तुमची यादी यांचा मेळच बसत नाही.

नावे घ्यायची ती युरोपीय संसदेच्या संकेतस्थळावरच्या सदस्यांच्या यादीतून. तिथे देशानुसार चाळणी लावता येते आणि सगळी यादी एक्सएमएल फाइलमध्ये उतरवून घेता येते. त्या फाइलमध्ये नाव, देश, गट, राष्ट्रीय पक्ष आणि प्रत्येक सदस्याचा क्रमांक असतो. हा क्रमांक जपून ठेवा. इटालियन नावांच्या बाबतीत तोच तुम्हाला वाचवतो: कागदोपत्री दोमेनिको असलेले लुकानो सगळीकडे मिम्मो म्हणून ओळखले जातात, आणि इटालियन मतपत्रिकेसाठी उमेदवाराला टोपणनावही नोंदवता येते. २०२४ मध्ये पंतप्रधान जॉर्जा मेलोनी यांनी 'जॉर्जा' एवढेच नोंदवले होते, म्हणजे मतदाराने नुसते पहिले नाव लिहिले तरी मत धरले जाई. दोन याद्या नावावरून जुळवायला गेलात की अशी माणसे निसटतात.

या फाइलला एक मर्यादा आहे. ती फक्त आजची स्थिती सांगते. कोण कधी आले, कधी गट बदलला हे हवे असेल तर प्रत्येक सदस्याच्या पानावरचा संसदीय कारकिर्दीचा भाग उघडावा लागतो. तिथे गट आणि राष्ट्रीय पक्ष तारखांसह वेगवेगळे दिलेले असतात. मतदारसंघ आणि निवडणूक यादी मात्र इटलीच्या गृहमंत्रालयाच्या निकालांतून घ्या. तिथे पसंतीची मतेही, म्हणजे मतदारांनी यादीतल्या उमेदवाराचे नाव लिहून दिलेली मते, मिळतात, आणि त्यांची गरज पुढे पडणार आहे.

मतदारसंघ पाच आहेत. २०२४ साठी ठरवून दिलेल्या जागा अशा: वायव्य २०, ईशान्य १५, मध्य १५, दक्षिण १८ आणि बेटे, म्हणजे सिसिली व सार्डिनिया, ८. रोम मध्य मतदारसंघात येते, नेपल्स दक्षिणेत, मिलान वायव्येत आणि बोलोन्या ईशान्येत. बोलोन्याला बरेच जण मध्यात टाकतात. एमिलिया-रोमान्या प्रांत ईशान्येत आहे हे लक्षात असू द्या.

आता मुख्य भाग. ८ आणि ९ जून २०२४ च्या मतदानानंतर जागा अशा वाटल्या गेल्या: फ्रातेल्ली द'इतालिया २४, पार्तितो देमोक्रातिको २१, फाइव्ह स्टार मूव्हमेंट ८, फोर्त्सा इतालिया ८, लेगा ८, हरित-डाव्यांची युती अलियान्झा व्हेर्दी ए सिनिस्त्रा ६ आणि दक्षिण टिरोलच्या जर्मनभाषकांचा पक्ष एसव्हीपी १. बेरीज ७६. संसद जुलै २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा गटांत त्यांची मांडणी अशी झाली:

ईसीआर (युरोपियन कॉन्झर्व्हेटिव्ह्ज अँड रिफॉर्मिस्ट्स): २४, सगळे फ्रातेल्ली द'इतालियाचे.
सोशालिस्ट्स अँड डेमोक्रॅट्स: २१, सगळे पार्तितो देमोक्रातिकोचे.
द लेफ्ट: १०. फाइव्ह स्टारचे ८ आणि हरित-डाव्या युतीचे २.
ईपीपी (युरोपियन पीपल्स पार्टी): ९. फोर्त्सा इतालियाचे ८ आणि एसव्हीपीचे १.
पेट्रियट्स फॉर यूरोप: ८, लेगाच्या यादीवरचे.
ग्रीन्स-ईएफए: ४, हरित-डाव्या युतीचे उरलेले.

सगळ्यात जास्त चुका हरित-डाव्या युतीपाशी होतात. ती यादी आहे, पक्ष नव्हे. युरोपा व्हेर्दे आणि सिनिस्त्रा इतालियाना हे दोन पक्ष त्यात एकत्र आले. निवडून आलेल्या सहांपैकी इलारिया सालिस आणि मिम्मो लुकानो द लेफ्टमध्ये गेले. इन्यात्सिओ मारिनो, लेओलुका ओर्लांदो, क्रिस्तिना ग्वार्दा आणि बेनेदेत्ता स्कुदेरी ग्रीन्समध्ये. सहाही जणांपुढे 'ग्रीन्स' लिहिलेले कोष्टक दिसले की ते यादीवरून गट ठरवून बनवले आहे हे ओळखावे.

यादीवर उभा राहिलेला प्रत्येक जण त्या पक्षाचा सदस्य असतोच असेही नाही. रोबेर्तो व्हान्नाच्ची २०२४ मध्ये लेगाच्या यादीवर अपक्ष म्हणून उभे राहिले आणि पक्षाचे सदस्यत्व त्यांनी २०२५ मध्ये घेतले. अशा वेळी यादीच्या रकान्यात लेगा, पक्षाच्या रकान्यात पहिल्या ओळीत अपक्ष, दुसऱ्या ओळीत लेगा.

आणखी एक फरक: संसदीय गट आणि युरोपीय पक्ष (देशोदेशींच्या पक्षांची युरोपभरची संघटना) या दोन वेगळ्या गोष्टी. ईपीपी या नावाचा गटही आहे आणि पक्षही. गट म्हणजे सभागृहातली बाके, भाषणाची वेळ, समित्यांतल्या जागा. तो बनवायला किमान २३ खासदार आणि ते निदान ७ देशांतले लागतात. फाइव्ह स्टारची अडचण अनेक वर्षे नेमकी हीच होती. २०१७ च्या जानेवारीत त्यांनी उदारमतवाद्यांच्या गटात शिरायचा प्रयत्न केला, त्या गटाने दार लावून घेतले. २०१९ मध्ये निवडून आलेले त्यांचे १४ जण गटाबाहेरच बसले. तेव्हा जुन्या कार्यकाळाची यादी करताना 'गटाबाहेरचे' ही नोंदही एक उत्तर आहे. तो रकाना रिकामा सोडू नका. रिकामा रकाना म्हणजे माहिती मिळाली नाही असाच अर्थ घेतला जातो.

जागांची संख्या स्वतः पडताळून पाहायची असेल तर रीत सोपी आहे, पण एका ठिकाणी हमखास फसायला होते. देशभरात ४ टक्क्यांखाली राहिलेल्या याद्या बाद करायच्या. २०२४ मध्ये स्ताती उनिती द'एउरोपा ३.८ टक्क्यांवर आणि आत्सिओने ३.४ टक्क्यांवर अडकली. म्हणूनच त्या वेळी उदारमतवाद्यांच्या रिन्यू यूरोप गटात इटलीतून कोणीच पोहोचले नाही. उरलेल्यांच्या मतांची बेरीज ७६ ने भागली की एका जागेचा भाव निघतो. प्रत्येकाची मते त्या भावाने भागा, पूर्ण आकडे आधी वाटा, आणि शिल्लक जागा सगळ्यात मोठ्या बाकीवाल्यांना द्या. एसव्हीपीसारखी भाषिक अल्पसंख्याकांची यादी मोठ्या यादीला जोडलेली असते, २०२४ मध्ये फोर्त्सा इतालियाला. त्यामुळे दोघांची मते एकत्र धरायची. त्यातली एक जागा अल्पसंख्याकांच्या उमेदवाराला मिळते, मात्र त्याला पसंतीची निदान ५०,००० मते हवीत.

आता बातम्यांत छापलेले एका दशांशाचे टक्के, वरच्या पक्षांच्याच क्रमाने (फोर्त्सा इतालिया आणि एसव्हीपी एकत्र), घेऊन बघा: २८.८, २४.१, १०.०, ९.६ अधिक ०.५, ९.०, ६.८. बेरीज ८८.८, भाव १.१६८. पूर्ण आकड्यांनी ७२ जागा वाटल्या जातात, ४ उरतात. या हिशेबात फ्रातेल्लींची बाकी ०.६५ आणि पार्तितो देमोक्रातिकोची ०.६३ येते, आणि शिल्लक चारांपैकी एक जागा फ्रातेल्लींकडे जाऊन निकाल २५ विरुद्ध २० असा दिसतो. खरा निकाल २४ विरुद्ध २१ आहे. सूत्र बरोबरच असते. दशांश कापल्यामुळे बाकीचा क्रम उलटतो. हा हिशेब नेहमी प्रत्यक्ष मतांवर करा.

निकालाच्या रात्री जाहीर झालेली नावे आणि जुलैत प्रत्यक्ष सभागृहात बसलेली नावे यांत फरक पडतो, तो दोन कारणांनी. मोठे नेते एकापेक्षा जास्त मतदारसंघांत यादीच्या डोक्यावर उभे राहतात: मेलोनी पाचही ठिकाणी होत्या, पार्तितो देमोक्रातिकोच्या नेत्या एली श्लाइन मध्य आणि बेटांवर. इटलीच्या संसदेचा सदस्य किंवा मंत्री युरोपीय खासदार राहू शकत नाही, म्हणून अशांनी जागा सोडल्या की त्या मतदारसंघात त्याच यादीतला पसंतीच्या मतांत पुढचा उमेदवार आत येतो. दुसरे कारण म्हणजे एकाच माणसाने दोन ठिकाणी जिंकणे. त्याला एक निवडावी लागते आणि दुसरीकडे पुन्हा पुढचा येतो. पसंतीची मते लागतात ती इथे. मतदार तीन नावे लिहू शकतो, पण तिन्ही एकाच लिंगाची असतील तर पहिलेच धरले जाते.

कार्यकाळाच्या मधोमध जागा रिकामी झाली तरी पोटनिवडणूक होत नाही, रीत तीच. संसदेचे अध्यक्ष दाविद सास्सोली ११ जानेवारी २०२२ रोजी वारले तेव्हा मध्य मतदारसंघातून कामिल्ला लाउरेती आल्या. आन्तोनिओ देकारो नोव्हेंबर २०२५ मध्ये पुल्याचे प्रांताध्यक्ष म्हणून निवडून आले. ते पदही खासदारकीबरोबर चालत नाही. बदली आलेल्याच्या ओळीत मतदारसंघ आणि यादी आधीच्याचीच येते. पक्ष मात्र परत तपासावा लागतो, कारण निवडणुकीनंतर दोन-तीन वर्षे बाहेर बसलेला उमेदवार दरम्यान कुठल्या कुठे गेलेला असू शकतो.

२०१९ ते २०२४ चा कार्यकाळ करत असाल तर हात सावकाश चालवा. सुरुवातीला इटलीचे ७३ होते. ब्रिटन बाहेर पडल्यावर १ फेब्रुवारी २०२० पासून ७६ झाले, आणि वाढलेल्या तीन जागा लेगा, फोर्त्सा इतालिया आणि फ्रातेल्ली द'इतालियाला एकेक मिळाल्या. निवडणुकीच्या कोष्टकात लेगा २८ आणि नंतर २९ दिसते ते यामुळे. दोन्ही आकडे बरोबर, तारखा वेगळ्या. त्याच कार्यकाळात कार्लो कालेंदा पार्तितो देमोक्रातिकोच्या यादीवर आले, २०१९ मध्येच पक्ष सोडून त्यांनी आत्सिओने काढली, पण गट सोडून रिन्यूत गेले ते २०२१ मध्ये. म्हणजे एका माणसाच्या तीन ओळी. फाइव्ह स्टारमधून बाहेर पडलेले चौघे ग्रीन्समध्ये गेले, त्यांच्याही अशाच.

शेवटी देश तपासा, आडनावावर जाऊ नका. सान्द्रो गोत्सी इटलीच्या सरकारात राज्यमंत्री होते, पण युरोपीय संसदेत ते फ्रान्समधून निवडून आले आहेत आणि फ्रान्सच्याच यादीत मोजले जातात. उलट, १९८९ मध्ये फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मोरिस द्युव्हर्जे इटालियन कम्युनिस्टांच्या यादीवर इटलीतून निवडून आले होते. त्या कार्यकाळातले इटलीचे ८१ खासदार मोजताना त्यांना वगळलेत तर बेरीज ८० येईल.