नाशकात गिग रेकॉर्ड करायचाय? आधी साउंडवाल्याला जाऊन भेटा

नाशकात इंडी रॉक, म्हणजे मोठ्या कंपन्यांशिवाय स्वतःचं संगीत करणारे बँड, म्हटलं की लोक लगेच सुलाफेस्टचं नाव घेतात, आणि बरोबरच आहे, २००८ पासूनचा फेस्टिव्हल, मधे काही वर्षं बंद होता ते सोडा, सुला वायनरीतलं उघडं अ‍ॅम्फीथिएटर, आजूबाजूला द्राक्षाचे मळे. पण तेवढ्यावर वर्ष कसं निघणार? बाकी जे काय होतं ते कॉलेज रोड, गंगापूर रोडकडचे कॅफे, कॉलेजांचे फेस्ट, मधूनच एखादी वायनरी नाहीतर हॉल. पोस्टरवर नुसतं लाइव्ह म्युझिक लिहिलेलं असेल तर बऱ्याचदा एक गिटारवाला आणि जुनी हिंदी गाणी निघतात, त्यात वाईट काही नाही, पण स्वतःची गाणी वाजवणारा बँड ऐकायचा असेल तर बँडलाच इन्स्टावर मेसेज टाकून विचारा ओरिजिनल्स किती आहेत म्हणून. छोटे बँड उत्तर देतात, उलट कुणीतरी विचारलं म्हणून खूष होतात.

तिथेच, त्याच मेसेजमध्ये, रेकॉर्डिंगचं पण विचारून टाका. माझं मत विचाराल तर यातलं निम्मं काम इथेच होतं, मशीन कुठलं घ्यायचं हा फार नंतरचा प्रश्न आहे. कायदा काय म्हणतो तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क आहे, कलम ३८ आणि ३८अ, आणि कलम ३९ मध्ये स्वतःच्या खाजगी वापरासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला सूट आहे. म्हणजे घरी ऐकायला ठीक, पण यूट्यूबवर टाकलं की विषय बदलला, तिथे बँडचा होकार पाहिजे आणि बँडने दुसऱ्या कुणाचं गाणं वाजवलं असेल तर ते लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा हक्क वेगळाच. शिवाय तिकिटाच्या अटींमध्ये जागेवाल्याने रेकॉर्डिंगला बंदी लिहिलेली असू शकते, ते बारीक अक्षरातलं वाचा. आणि लपूनछपून करायची काय गरज पण? अमेरिकेत ग्रेटफुल डेड या बँडने १९८४ मध्ये टेपवाल्यांसाठी प्रेक्षकांत वेगळी जागाच करून दिली होती, तिकडे ही जुनी पद्धत आहे, आपल्याकडे बँडला कुणी नीट विचारत नाही एवढंच.

वेळेचं बघा. उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, सरकार वर्षातले फार तर १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं ती सण-उत्सवांसाठी. त्यामुळे मोठा बँड आठ-साडेआठलाच चढतो, पहिले बँड तर उन्हातच वाजवून जातात, आणि साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, लांबला तर कात्री शेवटच्या बँडच्या वेळेला लागते कारण १० चं घड्याळ काही थांबत नाही. गेट उघडायच्या आधी पोचायची परवानगी मिळाली तर सोन्याहून पिवळं. सुलाकडे किंवा गंगापूर धरणाच्या बाजूला जाणार असाल तर परतीचं आधी ठरवा, रात्री तिथून रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका, आणि ग्रुपमध्ये गाडी चालवणारा एक जण कोरडा ठेवा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे थंडी दहाच्या खाली जाते, रेकॉर्डरच्या बॅटऱ्या थंडीत लवकर बसतात, तर जास्तीचे सेल पँटच्या खिशात अंगाजवळ ठेवा, बॅगेत नको.

आता मशीन. फोनने सुरुवात करा, काही हरकत नाही, फक्त फोनचा माइक आवाज आपोआप वर-खाली करत असतो, ड्रम आला की सगळं दाबतो आणि गाणं शांत झालं की मागच्या टेबलवरची बडबड वर आणतो, म्हणून हाताने लेव्हल लावता येईल असं अ‍ॅप शोधा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. पुढे जायचं असेल तर झूम किंवा टास्कमचा हातात मावणारा रेकॉर्डर पुरतो. वेव्ह फाइल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा, तासाला साधारण १ जीबी जागा जाते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर रात्रभराचा कार्यक्रम आरामात बसतो. एमपी३ वर रेकॉर्ड करू नका. लेव्हल साउंडचेकला लावा पण तिथे थांबू नका, कारण साउंडचेकला बँड कधीच पूर्ण जोरात वाजवत नाही, लोक आले अंगात आलं की सगळे वाढतात, ड्रमर तर हमखास, आणि नाशिक ढोलाच्या गावात ड्रम जोरात वाजतो अशी तक्रार करणार तरी कोण. रेकॉर्डरच्या मीटरवर शून्य म्हणजे आवाज फाटायची हद्द, तर सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास येईल असं ठेवा, उणे ६ च्या वर गेला की कमी करा. कमी आवाजात रेकॉर्ड झालेलं नंतर वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही. काही नवीन रेकॉर्डरमध्ये ३२ बिट फ्लोट असतं, म्हणजे फार लहान-मोठा आवाज एकाच वेळी सामावणारी फाइल, त्यात लेव्हलचं टेन्शन जवळपास जातं, पण माइकची स्वतःची सहन करायची मर्यादा असतेच, तोच फाटला तर बिट काही कामाचे नाहीत.

जागा. इथे मी जरा जास्त वेळ घेतो कारण दोन हजारांचा रेकॉर्डर चांगल्या जागी ठेवला तर वीस हजारांच्या मशीनपेक्षा चांगलं येतं. कॅफेसारख्या छोट्या जागेत ड्रम आणि गिटार अ‍ॅम्पचा आवाज थेट स्टेजवरून येतो, पण गायकाचा आवाज येतो फक्त बाजूच्या स्पीकरमधून. तुम्ही हौसेने अगदी स्टेजला चिकटून उभे राहिलात तर स्पीकर तुमच्या डोक्यावरून मागे जातात आणि रेकॉर्डिंगमध्ये झांजा, गिटार, आणि गायक जणू शेजारच्या बिल्डिंगमध्ये. फार मागे गेलात तर काचांवरून आदळून आलेला आवाज, काउंटरवरचं कॉफी मशीन, बिलावरून चाललेली चर्चा. मधली जागा शोधायची, दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर तेवढ्याच अंतरावर तुम्ही दोघांपासून, समान बाजूंचा त्रिकोण, आणि उंची लोकांच्या डोक्याच्या वर. स्टँडला परवानगी नसेल तर खांबाला क्लॅम्प लावा. कोपरा आणि भिंत टाळा, तिथे बेस साचतो आणि सगळं घुमायला लागतं. कुठे उभं राहायचं कळत नसेल तर साउंडवाले दादा जिथे मिक्सर घेऊन बसलेत तिथे जा, ते जे ऐकून मिक्स करतायत तेच तुम्हाला मिळेल, आणि तिथे लोक टाळ्या पण जरा लांबून वाजवतात.

उघड्यावर भिंती नाहीत म्हणून घुमत नाही, पण वारा आहे. माइकवर केसाळ कव्हर पाहिजेच, नुसता स्पंज धरणाकडच्या वाऱ्याला पुरत नाही, आणि लो कट, म्हणजे खालची घरघर कापणारं सेटिंग, ८० हर्ट्झला लावा. कालिदास कलामंदिरासारख्या नाट्यगृहात शो असेल तर बाल्कनीखालची जागा घेऊ नका, तिथे आवाज मंद होतो, बाकी खुर्च्या आहेत लोक बसलेत म्हणजे सोपंच.

आता साउंडवाल्या दादांचं. त्यांच्याकडून मिक्सरचा आउट, म्हणजे मिक्सरमधून थेट निघणारा आवाज, मिळाला तर उत्तम, पण साउंडचेक चालू असताना जाऊन विचारू नका, त्या वेळी त्यांच्यामागे चार लोक लागलेले असतात. झाल्यावर जा, चहा विचारा, मग विचारा. डिजिटल मिक्सर असेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये पेनड्राइव्हवर थेट रेकॉर्ड होतं, एक रिकामा पेनड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करून खिशात ठेवाच. केबलने घेणार असाल तर तो लाइन लेव्हल, म्हणजे माइकपेक्षा बराच जोरदार सिग्नल असतो, रेकॉर्डरच्या माइक इनपुटला तसाच लावला तर फाटतो, सेटिंग बदला. आणि हे मिळालं म्हणून स्वतःचे माइक बंद करू नका. छोट्या जागेत गिटार अ‍ॅम्प आधीच जोरात असतो म्हणून मिक्सरमधून तो जवळपास सोडतच नाहीत, त्यामुळे नुसत्या मिक्सरच्या रेकॉर्डिंगमध्ये गायक आणि किक ड्रम भरपूर आणि गिटार गायब, शिवाय लोकांचा आवाज शून्य, मेलेलं वाटतं. दोन्ही घ्या आणि घरी एकत्र करा. आवाजाला दहा मीटर यायला साधारण २९ मिलिसेकंद लागतात, तेवढा माइकचा ट्रॅक मागे पडलेला असतो, स्नेअर ड्रमचा एक ठोका पकडून दोन्ही ट्रॅक जुळवा. दोन वेगळ्या मशीनची घड्याळं तासाभरात थोडी सरकतात, म्हणून शेवटी पण एकदा तपासा.

व्हिडिओ करणार असाल तर फोन आडवा, स्क्रीनवर दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक, आणि एलईडी लायटी लुकलुकताना दिसल्या तर शटर १/५० किंवा १/१०० ला, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. पूर्ण गाणं डोक्यावर फोन धरून मागच्याचा शो खराब करू नका.

कान सांभाळा हे कुणी ऐकत नाही पण सांगतो. ८५ डेसिबलला आठ तास ठीक धरतात, त्यावर दर ३ डेसिबलला वेळ अर्धा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं, आणि रॉक गिगला १०० सहज होतात. मेडिकलमध्ये फोमचे इयरप्लग मिळतात, ते तर घालाच, संगीतवाल्यांसाठीचे वेगळे असतात त्यात आवाज फक्त कमी होतो, बोदा होत नाही. लेव्हल मात्र मीटरवर बघून लावा, प्लग घालून कानाने नाही.

घरी आल्यावर त्याच रात्री कार्डाची कॉपी, मग झोप. जास्त छेडछाड नको, नॉइज रिडक्शन लावलं की झांजा पाण्यात बुडाल्यासारख्या होतात. आवाज वाढवा, गाण्यांचे तुकडे करा, फ्लॅक, म्हणजे दर्जा न घालवता लहान होणारी फाइल, त्यात सेव्ह करा आणि फाइलच्या नावात बँड, तारीख, जागा तिन्ही लिहा, सहा महिन्यांनी न्यू फोल्डर ३ मध्ये काय आहे कुणाला आठवतंय. मग सगळ्यात आधी बँडला पाठवा, कुठलं गाणं बाहेर टाकायचं ते त्यांना ठरवू द्या, एखादं गाणं अजून रिलीज झालेलं नसतं. त्यांचा होकार असेल तर आर्काइव्ह डॉट ऑर्गवर लाइव्ह म्युझिक आर्काइव्ह म्हणून २००२ पासूनचा विभाग आहे, परवानगी दिलेल्या बँडचीच रेकॉर्डिंग तिथे घेतात, फुकट. आणि ड्राइव्हची लिंक पाठवताना ती सगळ्यांसाठी उघडी केलीय ना बघून घ्या, नाहीतर रात्री दोनला ड्रमरची अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट येते.