रीफ टँकच्या चिलरचं प्लंबिंग: या चुका टाळा

रीफ टँकचं, म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरल ठेवायच्या टाकीचं, तापमान उतरत नाही म्हटलं की सगळ्यात आधी चिलरवर, म्हणजे पाणी गार करणाऱ्या मशीनवर संशय जातो, गॅस कमी झाला असेल, चिलर लहान पडत असेल, आता मोठा घ्यावा लागणार वगैरे. पण आधी पाइप बघा. माझ्या टँकचं तापमान २९ अंशांच्या खाली येतच नव्हतं, चिलर दिवसभर चालू, आणि दोष निघाला कॅबिनेटच्या मागे, तिथे मऊ नळी भिंतीला टेकून दुमडली होती, वरून काही दिसत नव्हतं पण हात घालून चाचपली तर पार चपटी झालेली. तोवर एका अ‍ॅक्रोपोरा कोरलाचा रंग उडाला होता. त्याचं अजून वाईट वाटतं.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे फ्लो, म्हणजे तासाला किती पाणी वाहतं ते मोजा. चिलरमधून येणारी नळी बादलीत सोडायची आणि मोबाइलवर वेळ लावायची, १० लिटरला एक मिनिट लागलं तर तासाला ६०० लिटर. बादली जमिनीवर ठेवू नका हं, नळी एरवी जिथे सुटते त्याच उंचीवर धरा नाहीतर आकडा फुगतो, आणि तेवढ्यात सम्पमधला (टँकखालच्या दुसऱ्या टाकीतला) पंप कोरडा पडत नाही ना बघा. हा आकडा चिलरच्या मॅन्युअलमधल्या रेंजमध्ये बसायला हवा. पंपाच्या खोक्यावरचा आकडा धरू नका, तो शून्य उंचीचा असतो.

फ्लो कमी निघाला की लोक मोठा पंप आणतात, ही दुसरी चूक. पाण्यात बुडालेला पंप जेवढे वॉट खातो ते जवळपास सगळे उष्णता होऊन त्याच पाण्यात जातात, म्हणजे थंड करायला अजून गरम करतोय आपण. आधी वाट मोकळी करा. चिलरचं तोंड २५ मिमी आणि घरात १६ ची नळी पडलीय म्हणून रिड्यूसर (मोठ्या-लहान मापाचा जोड) लावून चालवलं तर पाण्याची वाट क्षेत्रफळाने जवळपास अडीच पट अरुंद झाली. मापात अजून एक घोळ असतो, कडक पीव्हीसी पाइपवरचा मिमीचा आकडा बऱ्याचदा बाहेरच्या व्यासाचा असतो आणि मऊ नळीवरचा आतल्या, त्यामुळे दुकानात जाताना तुकडाच सोबत न्या. ९० अंशांच्या एल्बोऐवजी (वळणाच्या जोडाऐवजी) जमेल तिथे दोन ४५ चे लावा.

व्हॉल्व्ह पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला लावून फ्लो कमी करू नका, पंप आवाज करतो आणि लवकर जातो. कमी करायचाच तर पंपाच्या पुढे. आणि चिलरच्या दोन्ही तोंडांशी युनियनवाला (हाताने फिरवून सुटणाऱ्या जोडाचा) बॉल व्हॉल्व्ह हवाच, साफसफाईला चिलर काढायचा म्हणजे एरवी पाइप कापायची वेळ येते.

पितळ किंवा तांब्याचं फिटिंग कुठेच नको, अगदी एक छोटा निपलसुद्धा नको. खाऱ्या पाण्यात तांबं सुटतं आणि कोरल, कोळंबी, गोगलगाई त्यानेच मरतात. चिलरची आतली कॉइल टायटॅनियमची आहे का ते घेतानाच विचारा. स्टीलचे क्लॅम्पही खाऱ्या पाण्याने गंजतात, प्लॅस्टिकचे बरे. पारदर्शक नळीवर उजेड पडला की आत शेवाळ धरतं, म्हणून काळी घ्या.

आता सम्पमधली जागा. चिलरला पाणी देणारी आणि परत आणणारी नळी एकाच कप्प्यात शेजारी शेजारी सोडली की गार झालेलं पाणीच परत आत ओढलं जातं, सेन्सरला वाटतं काम झालं, चिलर बंद, पाच मिनिटांत पुन्हा चालू, आणि टँक मात्र गरमच. दोन्ही लांब ठेवा, परतीचं पाणी रिटर्न पंपाच्या, म्हणजे सम्पमधून टँकमध्ये पाणी चढवणाऱ्या पंपाच्या बाजूला सोडा.

चिलरची परतीची नळी सरळ टँकमध्ये सोडली असेल तर लाइट गेल्यावर सायफन लागून, म्हणजे पंपाशिवायच नळीतून उलटं ओढलं जाऊन टँकचं पाणी सम्पमध्ये उतरतं आणि फरशीवर येतं. नळीचं तोंड पाण्याच्या पातळीच्या जरासंच खाली ठेवा आणि पातळीलगत बारीक भोक पाडा, पाणी उतरलं की त्यातून हवा शिरून सायफन तुटतो. हे भोक कोरलाइन शेवाळाने बुजतं, दर महिन्याला टोचून मोकळं करा. नुसत्या चेक व्हॉल्व्हवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हवर) विसंबू नका, त्यात वाळूचा एक कण अडकला तरी तो नीट बंद होत नाही.

पीव्हीसी चिकटवायचं सोल्यूशन लावल्यावर निदान २४ तास सुकू द्या, मग जोडणी साध्या पाण्यावर एक दिवस चालवून ते पाणी टाकून द्या. खारं पाणी भरलं की मेन स्विच बंद करून सम्पमध्ये पाणी कुठवर चढतं ते उभं राहून बघा. काठापासून दोन बोटं तरी खाली थांबलं पाहिजे. नसेल तर पंप चालू असतानाची पातळी कमी करा आणि सम्पच्या काचेवर मार्करने तिथेच रेघ मारून ठेवा, त्याच्या वर पाणी भरायचं नाही.