पाचवा पॉटर मुलांना देण्याआधी लोकांची मतं कशी वाचायची

डोंबिवलीतल्या एका वाचनालयाचा बालविभाग मी सांभाळते. चौथा पॉटर परत करायला मूल आलं की मागे आई मोबाइल पुढे धरून उभीच असते. "काकू, पाचव्याबद्दल लोक काहीही लिहितात हो. कुणी म्हणतं सगळ्यात भारी, कुणी म्हणतं रटाळ. देऊ का याला?" ‘हॅरी पॉटर अँड द ऑर्डर ऑफ द फिनिक्स’ हा मालिकेतला सगळ्यात जाडजूड भाग. ब्रिटिश आवृत्तीची पानं ७६६, प्रकरणं ३८. तेव्हा आधी चौकशी करावीशी वाटणं साहजिकच आहे. फक्त ती नीट करा.

तारे मोजू नका. पाच तारे देणारा बहुतेकदा सगळ्या मालिकेलाच देत असतो. तीनवाल्यांची मतं उघडा. काय आवडलं आणि कुठे पेंगलो, दोन्ही तिथे सापडतं.

मग लिहिणाऱ्याने पुस्तक वाचलंय की २००७ चा सिनेमा पाहिलाय, ते ताडून बघा. माझी एक हमखास खूण आहे. हॅरीच्या चोरून चालणाऱ्या वर्गाची बातमी ‘चो’ने, म्हणजे हॅरीला आवडणाऱ्या मुलीने, फोडली असं लिहिलं असेल, तर ते मत सोडून द्या. पुस्तकात बातमी फोडते तिची मैत्रीण मारिएटा. उलट कुणी इस्पितळात आईला भेटणाऱ्या नेव्हिलबद्दल, हॅरीच्या वर्गमित्राबद्दल, लिहिलं असेल, तर त्याचं पुढचंही वाचा. भान हरपलेली आई नेव्हिलच्या हातावर च्युइंगमचा रिकामा कागद ठेवते, आजी म्हणते टाक तो कचऱ्यात, आणि हा गुपचूप खिशात घालतो. सिनेमात हा प्रसंग नाहीच.

तारीखही बघा. चौथा भाग जुलै २००० मध्ये आला आणि हा २१ जून २००३ ला. तीन वर्षं ताटकळलेल्या वाचकांची तेव्हाची मतं आणि सातवा भाग वाचून झाल्यावर परत मागे आलेल्यांची मतं, यांत फार फरक पडतो. सुरुवातीला लंडनमधल्या एका जुनाट घराची साफसफाई चालते, ती चालतच राहते. पहिल्यांदा वाचणारा म्हणतो, काही घडतच नाही. दुसऱ्यांदा वाचणाऱ्याला मात्र त्याच पसाऱ्यात कुणालाच न उघडणारं, पण पुढच्या भागांत महत्त्वाचं ठरणारं एक लॉकेट दिसतं, आणि तो लेखिकेला सलाम ठोकतो. दोघांचंही खरं आहे, पण तुमचं मूल पहिल्यांदा वाचणार आहे. कंटाळ्याच्या बाबतीत पहिल्याचंच ऐका. जे. के. रोलिंग यांनीही पुढे मुलाखतीत सांगितलंय की हे पुस्तक आणखी छोटं करता आलं असतं.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो ‘हॅरी सारखा ओरडतो’ या तक्रारीला. ती प्रत्येक चौथ्या-पाचव्या माणसाची असते. खरंच ओरडतो तो. चौथ्या प्रकरणात रॉन आणि हर्मायनी या जिवलग मित्रांवर असा उखडतो की छपाईसुद्धा मोठ्या अक्षरांत आहे. पण तक्रार करणारा किती वर्षांचा आहे, ते शोधा. हॅरी पंधराचा. आधीच्या भागाच्या शेवटी शाळेतला एक मुलगा त्याच्या डोळ्यांदेखत मारला गेलाय, आणि अख्खा उन्हाळा त्याला कुणी काही सांगत नाही. पाचवीतल्या पोरांना तो किरकिरा वाटतो, चाळिशीतल्या बापांनाही वाटतो. आमच्याकडची नववीतली एक मुलगी मात्र म्हणाली, "बरोबरच आहे ना काकू, सगळ्यांना माहितीये आणि त्यालाच नाही." तेव्हा चौदा-पंधराव्या वर्षी वाचलेल्यांची मतं मी वर ठेवते.

‘अम्ब्रिज सहन होत नाही’ हे वाक्य दिसलं, तर ती तारीफ समजा. अम्ब्रिज म्हणजे या भागात हॅरीच्या शाळेत आलेली नवी शिक्षिका. तिला बघून डोकं फिरावं म्हणूनच तिला लिहिलंय. भयकथा लिहिणाऱ्या स्टीफन किंग यांनी २००३ मधल्या परीक्षणात तिला हॅनिबल लेक्टर या गाजलेल्या खलनायकाच्या पंगतीला बसवलं होतं. गुलाबी स्वेटर, गोड आवाज आणि वर रोज एक नवा फतवा!

मात्र तेरावं प्रकरण दुसऱ्याच्या मतावर सोडू नका, स्वतः वाचा. शिक्षा म्हणून ती हॅरीला एका टाकाने ‘मी खोटं बोलू नये’ असं लिहायला लावते. शाई नसतेच. अक्षरं हाताच्या पाठीवर कोरली जातात आणि कागदावर उमटतं ते त्याचंच रक्त. हळवं मूल असेल तर माझ्या मते सातवीपर्यंत थांबावं. शेवटाकडे एक जिवाभावाचं माणूसही जातं. कोण, ते मतं लिहिणारे सर्रास फोडतात, म्हणून ही सगळी चाळाचाळ मुलाला शेजारी बसवून करू नका.

देताना एवढं सांगून द्या की हॉगवर्ट्समध्ये, म्हणजे हॅरीच्या जादूच्या शाळेत, पोचायलाच अकरावं प्रकरण उजाडतं. आमच्या प्रतीच्या मागच्या पुठ्ठ्याला मी कागद चिकटवलाय. त्यावर फक्त इयत्ता आणि कुठे अडकलात ते लिहायचं. बरीच पोरं सहाव्या प्रकरणावर, त्या साफसफाईतच अडकलेली दिसतात. त्याखाली कुणीतरी लाल पेनाने लिहून ठेवलंय, ‘एकोणतिसाव्यात रॉनचे जुळे भाऊ फ्रेड-जॉर्ज शाळा सोडतात. त्याआधी परत केलंत तर वेडे आहात.’ ते मी खोडलेलं नाही.