घरच्या डार्करूममध्ये कृष्णधवल प्रिंट कशी करावी

घरी डार्करूम करण्यासाठी स्वतंत्र खोली असावीच लागते असे नाही. रात्री बाथरूमच्या खिडकीला जाड काळे कापड लावून दाराच्या फटी बुजवल्या, की काम भागते. मात्र आत दहा मिनिटे बसून, डोळे अंधाराला सरावल्यानंतरही कोठे उजेडाची रेघ दिसली, तर ती बंद केल्याशिवाय प्रकाशसंवेदी फोटो-कागदाचे पाकीट उघडू नये. एन्लार्जर (निगेटिव्हचे चित्र मोठे करून कागदावर पाडणारे यंत्र) आणि कागद कोरड्या बाजूला ठेवावेत. डेव्हलपर (चित्र उमटवणारे द्रावण), स्टॉप बाथ (ती क्रिया थांबवणारे), फिक्सर (चित्र टिकाऊ करणारे) आणि पाणी असे चार ट्रे दुसऱ्या बाजूला ओळीने मांडावेत. सेफलाइट, म्हणजे कागदावर परिणाम न करणारा मंद रंगीत दिवा, कागदापासून किमान चार फूट दूर असावा. हवा खेळती राहील अशी सोय आवश्यक आहे, कारण स्टॉप बाथ आणि फिक्सर यांचा वास बंद जागेत त्रासदायक ठरतो.

डेव्हलपरचे तापमान २० अंश सेल्सिअस धरून वेळ ठरवलेली असते. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचे पाणीच तिशीच्या घरात असते, म्हणून डेव्हलपरचा ट्रे थंड पाण्याच्या मोठ्या ट्रेमध्ये ठेवावा आणि त्या बाहेरच्या पाण्यात बर्फाची बंद पिशवी सोडावी. बर्फ थेट द्रावणात टाकल्यास ते पातळ होते.

खरे कौशल्य चाचणीपट्टीत आहे, आणि कागद वाचवण्यासाठी नेमकी तीच टाळली जाते. एन्लार्जरच्या लेन्सचे छिद्र एफ-८ वर आणून कागदाची एक पट्टी चित्राच्या अशा भागावर ठेवावी, जेथे उजळ व गडद दोन्ही छटा आहेत. संपूर्ण पट्टीला ५ सेकंद प्रकाश द्यावा. मग पुठ्ठ्याने एकेक पंचमांश झाकत प्रत्येक वेळी आणखी ५ सेकंद द्यावेत. धुतल्यावर पट्टीवर ५, १०, १५, २० आणि २५ सेकंदांचे पट्टे मिळतात. चित्रातील उजळ भागाचा तपशील, उदाहरणार्थ पांढऱ्या सदऱ्याची वीण, ज्या पट्ट्यात पहिल्यांदा स्पष्ट दिसते, ती वेळ निवडावी. त्या वेळेला सावल्या राखाडी वाटत असतील, तर वेळ न वाढवता अधिक क्रमांकाचा कॉन्ट्रास्ट फिल्टर (उजळ-गडद छटांमधला फरक कमी-जास्त करणारी रंगीत काच) लावावा; सावल्या गिचमीड होत असतील, तर कमी क्रमांकाचा. उजळ भागावरून वेळ आणि गडद भागावरून फिल्टर ठरवण्याची ही पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. फिल्टर बदलल्यावर पट्टी पुन्हा काढावी.

आरसी कागद (प्लॅस्टिकचा थर असलेला फोटो-कागद) डेव्हलपरमध्ये एका झटक्यात बुडवून ट्रे सावकाश हलवत राहावा. काही सेकंदांतच चित्र उमटू लागते आणि लवकरच ते पूर्ण झाल्यासारखे वाटते, परंतु पूर्ण एक मिनिट झाल्याशिवाय कागद बाहेर काढू नये. घाईने काढलेल्या प्रिंटमध्ये काळा रंग मळकट राहतो आणि छटा डागाळतात. नंतर कागद निथळून स्टॉप बाथमध्ये दहा सेकंद ठेवावा. ताज्या जलद फिक्सरमध्ये साधारण अर्धा ते एक मिनिट पुरते, वाहत्या पाण्यात दोन मिनिटे. प्लॅस्टिकचा थर नसलेल्या फायबर कागदाला मात्र धुण्यासाठी तासभर लागू शकतो. प्रत्येक ट्रेचा चिमटा वेगळा असावा, कारण फिक्सरचा थेंबही डेव्हलपर बिघडवतो.

प्रिंट वाळल्यावर किंचित गडद होते, म्हणून अंतिम निर्णय कोरड्या प्रिंटवर, साध्या दिव्याखाली घ्यावा. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी विरघळलेली असते. तो मोरीत न ओतता झाकणाच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये जमा करावा आणि चांदी काढणाऱ्यांकडे द्यावा.